पुतणीला चार गोष्टी: डेटा वेअरहाऊस घेण्याआधी

पोरी, भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामांचा हिशेब तू हातात घेतलास याचा मला फार आनंद आहे. आता सगळी माहिती क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये न्यायची म्हणतेस आणि स्नोफ्लेक, बिगक्वेरी की रेडशिफ्ट, असं विचारतेस. नावावरून ठरवू नकोस. तिन्ही उत्तम आहेत. त्यातलं कुठलं आपल्याला परवडेल, हे आपण त्याला रोज काय आणि किती वेळा विचारणार यावर ठरतं.

माहिती एवढी साठली कशी, ते आधी बघ. भिवंडीतली गोदामं उभी राहिली त्यामागचं एक मोठं कारण मुंबईची जकात. माल जकातीच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं ओस पडली नाहीत. केंद्रीय विक्रीकर वाचवायला राज्याराज्यांत वेगळं गोदाम ठेवायची गरज संपली, तेव्हा कंपन्यांनी दापोडे, वळ, माणकोली या पट्ट्यात मोठ्या जागा घेतल्या. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल आलं. शिवाय पेटीपेटीचं स्कॅनिंग आणि गेटवरच्या नोंदी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सणाच्या हंगामात एवढ्या ओळी भरायला वेळ लागत नाही.

तरीसुद्धा पहिला सल्ला असा, की डेटा वेअरहाऊस लागतंच का ते तपास. एकच गोदाम, दोन-चार ग्राहक आणि रोजचा स्टॉक रिपोर्ट एवढंच असेल तर साधा पोस्टग्रेस डेटाबेस कित्येक वर्षं पुरतो. अनेक ग्राहक, अनेक गोदामं आणि तीन वर्षांची तुलना एका बैठकीत हवी असेल, तरच पुढे जा.

खर्चाचं गणित तुला समजावून सांगायची गरज नाही. गोदामाचं भाडं चौरस फुटावर आणि हमाली वेगळी, तसंच इथे. माहिती नुसती ठेवण्याचं भाडं स्वस्त असतं, पैसे जातात ते ती हलवताना, म्हणजे प्रश्न विचारताना. या हमालीचा हिशेब प्रत्येकाचा निराळा आहे.

गूगलच्या बिगक्वेरीच्या साध्या योजनेत तुझ्या प्रश्नाने जेवढी माहिती वाचली तेवढ्याचे पैसे लागतात. महिन्याला पहिला एक टेबीबाइट फुकट. इथे बरेच जण फसतात: शंभरच ओळी दाखव म्हणून शेवटी लिमिट १०० लिहिलं म्हणून बिल कमी होत नाही, अख्खा स्तंभ वाचलाच जातो. म्हणून लागतील तेवढेच स्तंभ माग, टेबलाचे तारखेनुसार भाग पाड आणि एका प्रश्नाने जास्तीत जास्त किती वाचावं याची मर्यादा घालून ठेव. ९० दिवस न बदललेल्या भागाचं भाडं आपोआप साधारण निम्मं होतं. पण रोज रात्री अख्खं टेबल पुन्हा भरत बसलीस, तर ती सवलत कधीच मिळणार नाही.

स्नोफ्लेकमध्ये यंत्र चालू असेल तेवढ्या सेकंदांचे पैसे, आणि प्रत्येक वेळी सुरू झालं की किमान ६० सेकंदांचे. यंत्राचा आकार एक पायरी वाढवला की दर दुप्पट. काम नसताना ते आपोआप थांबण्याची वेळ पहिल्याच दिवशी कमी करून घे. आणि दर मिनिटाला ताजा होणारा डॅशबोर्ड भिंतीवर लावू नकोस, तो यंत्राला झोपूच देत नाही. मात्र ग्राहक कंपनीला तिच्या मालाची माहिती प्रत न काढता दाखवायची असेल, तर स्नोफ्लेकची सोय फार चांगली आहे. दुसऱ्यांचा माल सांभाळणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग.

रेडशिफ्ट अ‍ॅमेझॉनचं. २०१३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. आपलं बाकीचं सॉफ्टवेअर अ‍ॅमेझॉनवर असेल आणि दिवसभर सतत प्रश्न येत असतील, तर बांधीव दरात तेच स्वस्त पडतं. सकाळ-संध्याकाळ दोन रिपोर्टांसाठी मात्र नको.

माहिती ठेवायला जागा मुंबईचीच निवड. अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून. बिगक्वेरीत डेटासेटची जागा एकदा ठरली की नंतर बदलत नाही, नवा करून माहिती त्यात कॉपी करावी लागते. हिशेबाच्या नोंदी जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा जुनं काढून टाकण्याची घाई करू नकोस. आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर माहिती बाहेर न्यायला किती खर्च येईल, ते करारावर सही करण्याआधी विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिगक्वेरी आणि रेडशिफ्ट मुळात जागतिक वेळ धरतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. आपल्या गाड्या तर रात्रीच भरतात. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत सुटलेली प्रत्येक गाडी रिपोर्टात आदल्या तारखेला पडेल, आणि ग्राहकाशी महिनाअखेरीचा हिशेब जुळणार नाही. वेळ भारताची धरून तारीख काढ, प्रत्येक रिपोर्टात.

तसंच गाडीचा नंबर कोणी एमएच ०४ सुटं लिहितं, कोणी मध्ये रेघ देतं, कोणी सगळं जोडून. एकाच पार्टीची टॅलीत तीन खाती असतात. एका ठिकाणी पेटी, दुसऱ्या ठिकाणी नग. हे साफ करायला माणूस बसव, हवं तर एक महिना. कुठलीही कंपनी हे काम तुझ्यासाठी करणार नाही, आणि याच्याशिवाय महागातलं वेअरहाऊससुद्धा चुकीचंच उत्तर देईल, फक्त लवकर.

विकणारे येतील, त्यांचा नमुना डेटा दाखवतील. आदराने बसव, चहा दे आणि आपला नवरात्र ते दिवाळीचा डेटा त्यांच्यापुढे ठेव. आपलेच दहा प्रश्न चालवून घे आणि बिल बघ, जीएसटी धरून. आजच्या आपल्या कामाला मला बिगक्वेरी योग्य वाटतं. ग्राहकांना थेट स्टॉक दाखवायची वेळ आली की स्नोफ्लेकची चाचणी घे. पण करार एक वर्षापेक्षा जास्त करू नकोस, आणि महिन्याच्या खर्चाची सूचना तुझ्या फोनवर येईल अशी सोय आजच करून घे.