नि. डा. हा. अं.

अगं, म्हशाच्या जत्रेत भेटलीस तेव्हा घोंगड्यांच्या गर्दीत धड बोलताच आलं नाही. घराण्याचा इतिहास लिहायला घेतलायस आणि पणजोबांच्या मागे नावच सरकत नाही म्हणालीस. मग आवाज खाली आणून म्हणालीस, “एक केस झाली होती म्हणे, पण घरात कुणी विषय काढत नाही.” बाय, तिथूनच सुरुवात कर.

माझंच सांगते. आमची पणजी घरातल्या कुठल्याच कागदावर नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, शाळेच्या दाखल्यावर आजोबांच्या वडिलांचं. ती सापडली ती कूळकायद्याच्या फायलीत. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर गावोगावच्या कुळांच्या चौकशा लागल्या. कलम ३२ग खाली जमिनीची किंमत ठरवायची, म्हणून मालकाचा जबाब, कुळाचा जबाब, शेजारच्या बांधावरल्याचा जबाब. त्यात पणजीचा अर्ध्या पानाचा. वय अंदाजे साठ, धंदा शेती. राब मी भाजते, आवणी मी करते, मळणी झाली की खंडाचं भात मालकाच्या खळ्यावर नेऊन घालतो, पावती देत नाहीत. आणि खाली जांभळ्या शाईचा ठसा, बाजूला कारकुनाच्या अक्षरात ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ठशात मधोमध एक आडवी रेघ कोरी सुटलेली. विळ्याने कापल्याची जुनी खूण असणार. मी त्या पानावर माझा अंगठा ठेवून बघितला, कारकून बघत नसताना.

आता वाट सांगते. जुना हातानं लिहिलेला सातबारा काढ, त्यात वर्तुळात फेरफार नंबर असतात. तो फेरफार वाच. कुळाची खरेदी लागली असेल तर आदेशाचा नंबर आणि तारीख तिथंच लिहिलेली असते. तो नंबर घेऊन तहसील कचेरीच्या कुळवहिवाट शाखेत नकलेचा अर्ज कर. नंबर नसताना गेलीस तर “बघतो” एवढंच ऐकून परत येशील. एका कचेरीत मला तीन खेपा घालाव्या लागल्या, चौथ्या खेपेला नंबर घेऊन गेले तर अर्ध्या तासात फाईल पुढ्यात. मालक विधवा, अज्ञान किंवा फौजेत असेल तर खरेदी पुढे ढकललेली असायची. मग त्या फायलीत मालकाच्या घरचीही माणसं, वयं, नाती मिळतात. आपल्याला काय, दोन्ही घरं कळतात.

दिवाणी वाटणीचा दावा असेल तर गोष्ट निराळी. मोबाईलवर कोर्टाचं ॲप उघडून पणजोबांचं नाव टाकत बसू नकोस, इतकं जुनं तिथे नसतं. मुरबाड-शहापूरबरोबर कल्याण आणि ठाण्यालाही विचार, मोठे दावे आणि अपिलं तिकडे जायची. सगळे कागद मिळतील अशी आशा धरू नकोस. मुदत संपलेले कागद नष्ट करतात. निकाल आणि हुकूमनामा हाती लागला तरी वाद्या-प्रतिवाद्यांची नाती त्यात कळतात. आजोळ मोखाड्याकडचं असेल तर १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, हे ध्यानात ठेव. फार मागचं मोडी लिपीत असेल. मोडीवाचकाशी पैशाचं आधी बोलून घे. खतांवर अंगठ्याच्या जागी शेतकऱ्याची नांगराची निशाणी आणि बाईची बांगडीची निशाणी दिसली तर हरखून जाशील.

आणि ती दबलेली केस जंगलाची असेल तर लाजू नकोस. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडणंसुद्धा गुन्ह्यात बसू लागलं. ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. दंड भरलेला माणूस म्हणजे चोर, असं आपल्या घरांनी उगाच धरून ठेवलंय. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत कोर्टाचे आदेश-निकाल पुरावा म्हणून धरलेत. तुमच्या पाड्यावर दावे पडून असतील, तर ज्या कागदाने पणजोबांना आरोपी केलं त्यावरच ते तिथे कसत होते हे दाखवता येतं.

पण जबाब म्हणजे देवाची वाणी नव्हे. वकील सांगेल तसं बोलायची रीत तेव्हाही होती. “चाळीस वर्षे कसतो” म्हणणारा माणूस फेरफारात वीसच वर्षांपूर्वी आलेला दिसतो. वयं तर अंदाजाचीच. नाती, गाव, पिकं यांवर जास्त भिस्त ठेव. त्यात खोटं बोलून कुणाचा फायदा नव्हता. वारसाचाच वाद असला तर मात्र नातंही तपासून घे.

शेवटचं, आणि हे मी ठेच लागून शिकले. मी फेरफार काढल्याचं चुलत्यांना बाहेरून कळलं. दिवाळीला गेले तर चहा पुढे आला, पण कुणी बसलं नाही. लेकीने जुने उतारे काढले म्हणजे वाटणी मागणार, एवढंच त्यांना ठाऊक. दोन वर्षं गेली ती अढी जायला. शेवटी पणजीच्या जबाबाची झेरॉक्स काकांना वाचून दाखवली. काका म्हणाले, “पावती देत नाहीत, हे ती मरेपर्यंत म्हणत होती.”

म्हणून अर्ज करायच्या आधी, आज रात्रीच, तुझ्या काकांना फोन कर.