आजी, चिंचिला स्वर्गात गेला का?



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची एक फांदी आज परदेशात आहे. अलीकडे मिस्सा संपल्यावर एका आजींनी मला विचारले, "फादर, कॅनडातल्या नातवाचा तो उंदरासारखा प्राणी मेला. पोर धड जेवत नाही. फोनवर विचारतो, तो स्वर्गात गेला का? मी काय सांगू?" शेजारी उभे असलेले एकजण हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

तो प्राणी म्हणजे चिंचिला, मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. मऊ, दाट केसांच्या कातडीसाठी त्याची इतकी शिकार झाली की रानात तो आता दुर्मिळ आहे. पाळलेला चिंचिला दहा-पंधरा वर्षेही जगतो, म्हणजे मुलाचे जवळजवळ सारे बालपण. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते वेडेवाकडे वाढले की खाणे सुटते आणि खाणे सुटले की आतडी मंदावतात. शिवाय असे प्राणी आजार लपवतात, कारण रानात अशक्त दिसणाऱ्यालाच शिकारी आधी धरतो. घरच्यांना कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. "माझ्या लक्षात कसे आले नाही?" ही टोचणी मुलाला लागली असेल, तर हे कारण त्याला नीट समजावून सांगा. टोचणी म्हणजे पाप नव्हे. वेदना असह्य झाल्यावर पशुवैद्याने इंजेक्शन देऊन प्राण्याची सुटका केली असेल, तरी त्यात पाप नाही.

शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय 12) नाथान संदेष्टा एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या घासातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. ती हिरावून घेतल्याचे ऐकून दावीद राजा संतापला. "एका कोकरीचे एवढे काय?" असे तो म्हणाला नाही.

आता स्वर्गाचे. संत थॉमस अक्वायनस म्हणतात, प्राण्याचे जीवतत्त्व शरीरावर अवलंबून असते, म्हणून ते शरीराबरोबर संपते. सेमिनरीत आम्ही हे घोकले. तर्क पक्का आहे, पण रडणाऱ्या पोराच्या हाती तो देऊ नये. 2014 च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा गमावलेल्या एका मुलाला स्वर्ग सर्व प्राण्यांना खुला असल्याचे सांगितले, अशी बातमी जगभर गाजली. ती चुकीची निघाली. मात्र 2015 च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद 243) त्यांनी लिहिले की सार्वकालिक जीवनात प्रत्येक सृष्ट जीव तेजस्वी रूपांतर पावून आपले स्थान घेईल. कसे, ते सांगितले नाही.

तेव्हा आजींनी एवढेच सांगावे: "बाळा, त्याला देवाने घडवले. येशू म्हणतो, देव चिमणीलाही विसरत नाही. पुढचे आपण देवावर सोडू." यात खोटे काही नाही. "तो झोपलाय" असे मात्र सांगू नये, मूल झोपायलाच घाबरते. आणि "दुसरा आणू" ही घाई कशाला?

धर्मशिकवण (2418) बजावते की माणसाच्या वाट्याची माया प्राण्याला देऊ नये. हा इशारा त्या नातवासाठी नाही. कुत्र्याच्या लाडावर हजारो उधळून आईच्या औषधाला पैसे नाहीत म्हणणाऱ्या आपणा मोठ्यांसाठी आहे.

प्राण्यासाठी मृतांची मिस्सा होत नाही. पण त्याला पुरताना मुलाने त्याच्या सोबतीबद्दल देवाचे आभार मानावेत, आणि आजींनी फोनवरून त्याच्याबरोबर 'हे आमच्या बापा' म्हणावे.