पुडा घेण्यापूर्वी वाचा

मुलांनो, रमजानमध्ये इफ्तारपूर्वी अम्मी तुम्हांला बिस्किटे आणायला पाठवतात. तुम्ही पुडा घेता, पैसे देता आणि धावत घरी येता. पुड्यावर काय छापले आहे, ते वाचता का?

समजा, तुमच्या धाकट्या भावाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बिस्किटात शेंगदाणे असून पुड्यावर तसे छापले नसेल, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून घटक, वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, वापरण्याची शेवटची तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. 2006 साली केलेला हा अन्नसुरक्षा व मानके कायदा 2011 पासून लागू झाला.

आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन हे काम पाहते. त्याचे अधिकारी पैसे देऊन नमुना घेतात, त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतात. एक भाग प्रयोगशाळेत तपासतात. लेबल खोटे ठरले, तर 3 लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

ग्राहकालाही फी भरून पदार्थ तपासून घेता येतो. मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. पदार्थ कायद्याप्रमाणे नसेल, तर फी परत मिळते.

अधिकारी रोज प्रत्येक दुकानात जाऊ शकत नाहीत. तुम्ही मात्र रोज जाता. तारीख खोडलेली दिसली, तर पुडा घेऊ नका आणि घरी मोठ्यांना सांगा. त्यांना तक्रार करता येईल.

शब्दार्थ : घटक – पदार्थात घातलेल्या वस्तू, दंड – जुर्माना, बंधनकारक – करावेच लागेल असे.

स्वाध्याय : घरातील एक पुडा घ्या. त्यावरील माहिती वहीत लिहा. काय छापलेले नाही, तेही लिहा.