साजाचे बक्कल

घोडागाडी रस्त्याने जाताना पाहणाऱ्याची नजर घोड्यावर जाते. घोड्याचे बळ गाडीपर्यंत पोहोचवणारा साज मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चामड्याच्या अनेक पट्ट्यांचा हा साज जागच्या जागी राहतो, तो धातूच्या लहानशा बकलामुळे.

उत्तर प्रदेशातील कानपूर हे या कारागिरीचे जुने केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यासाठी साज व खोगिरे बनवणारा सरकारी कारखाना तेथे उभा राहिला. बाभळीच्या सालीने चामडे कमावण्याची रीतही त्या शहरात रुजली. कानपूरच्या खोगीरकामाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले.

बकलाची रचना

बकलाचे मुख्य भाग तीन : चौकट, दांडी आणि काटा. दांडीभोवती काटा फिरतो व त्याचे टोक चौकटीच्या समोरच्या बाजूवर टेकते. पट्टा ताणला गेला की भोकाची कड काट्याला चौकटीवर दाबते. म्हणजे जो ताण पट्टा सोडवू पाहतो, तोच काट्याला जागेवर धरून ठेवतो. काही बकलांच्या समोरच्या बाजूवर फिरता रूळ असतो. त्यामुळे घर्षण घटते आणि चामडे कमी झिजते.

पट्टा गाठ मारूनही बांधता आला असता. परंतु ताण पडेल तशी गाठ आवळत जाते आणि भिजल्यावर ती सुटणे अधिकच कठीण होते. बकलाचे तसे नाही. पट्ट्याचे टोक किंचित मागे ओढले की काटा मोकळा होतो. घोडा साजासकट कोसळला, तर हा क्षणाचा फरक त्याचे प्राण वाचवू शकतो.

बक्कल बसवण्याची रीत

बकलाची आतील रुंदी पट्ट्याच्या रुंदीएवढी असावी. बक्कल अरुंद असल्यास पट्टा चुरगळतो. रुंद असल्यास तो बाजूला सरकतो. कारागीर प्रथम पट्ट्याचे टोक मागील बाजूने रापीने तासून पातळ करतो. मग दुमडीच्या जागी लांबट खाच पाडून तीतून काटा वर काढतो. टोक दांडीभोवती दुमडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले जाते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात व प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून जातात. म्हणून एका बाजूचा टाका झिजला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो.

दुसऱ्या पट्ट्याला विषम संख्येने भोके पाडतात. नेहमीच्या मापाला मधले भोक येते आणि घोडा रोडावला वा भरला, तर दोन्हीकडे सारखी सोय राहते. भोक पोकळ तोंडाच्या हत्याराने स्वच्छ कापावे. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाभोवती चामड्याचे तंतू फाटतात आणि पट्टा तेथूनच तुटू लागतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

बकलाखाली चामड्याची पट्टी ठेवावी, म्हणजे धातू अंगाला घासत नाही. नाकावरील पट्ट्याखाली दोन बोटे शिरतील इतकी जागा राहू द्यावी. सैल पट्टा सरकून कातडी सोलतो, तर आवळलेला पट्टा रुततो. गाडी जोडण्यापूर्वी दुमडीची जागा पाहावी. चामडे रोज तेथेच वाकत असल्याने चीर बहुधा तेथेच पडते. काम संपल्यावर घाम पुसावा, कारण घामातील क्षार चामड्याला कडक करतात आणि लोखंडी बकलाला गंज आणतात.

भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी जखमा करणाऱ्या अणकुचीदार साजाला मनाई केली आहे. तथापि नियम पाळला जातो की नाही, हे रोज सकाळी बक्कल लावणाऱ्या हातांवरच अवलंबून असते. मुक्या जनावराला पट्टा रुतत असल्याचे सांगता येत नाही. ते त्या हातांनीच ओळखावे लागते.

शब्दार्थ

साज – घोड्याला गाडीशी जोडणारे पट्टे व इतर सामान
रापी – चामडे तासण्याचे व कापण्याचे हत्यार
कमावणे – कच्च्या कातड्यावर प्रक्रिया करून ते टिकाऊ करणे
क्षार – मिठासारखा पदार्थ

स्वाध्याय

१. ताण वाढला तरी बक्कल का सुटत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. खिळ्याने भोक पाडणे अयोग्य का ठरते?
३. तुमच्या वापरातील पट्टा किंवा पिशवी यांचे बक्कल पाहा आणि त्याच्या रचनेचे पाच वाक्यांत वर्णन करा.