जुन्या पाट्यांचा संग्रह

प्रत्येक गावाला आपला इतिहास असतो. परंतु तो सगळाच ग्रंथांत लिहिलेला असतो असे नाही. त्याचा काही भाग दुकानांच्या पाट्यांवर, शाळेच्या दारावर, रेल्वे स्थानकाच्या फलकावर आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवर लिहिलेला असतो. दुकानाचा मालक बदलला, की जुनी पाटी उतरते. काही दिवस ती माळ्यावर पडून राहते, मग कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून बसते आणि अखेरीस भंगारवाल्याच्या तराजूत जाते. तेथे तिचे मोल वजनावर ठरते. तिच्यावरील अक्षरांना कोणी विचारीत नाही.

ही अक्षरे काय सांगतात, हे पाहण्यासाठी भातकुलीचे उदाहरण घ्यावे. अमरावतीच्या पश्चिमेस वसलेले भातकुली हे तालुक्याचे गाव. ते जागचे हललेले नाही. पण त्याच्या पत्त्यातील राज्याचे नाव मात्र पुन्हा पुन्हा बदलले. इंग्रजी अमलाच्या उत्तरकाळात ते मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५० साली या प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणून वऱ्हाडातील जुन्या पाटीवर 'मध्यप्रदेश' असे आढळले, तर रंगाऱ्याची चूक झाली असे समजू नये. ती पाटी बहुधा १९५० ते १९५६ या काळातील असावी.

काळ ओळखण्याच्या अशा आणखीही खुणा आहेत. किंमत आण्यांत लिहिलेली असेल, तर पाटी सामान्यतः १९५७ पूर्वीची असते. कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी सुरू झाली. 'नवे पैसे' हे शब्द १९५७ ते १९६४ या अवधीतील होत. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर ती पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची; कारण टपाल खात्याने ही पद्धत त्या दिवशी सुरू केली. मात्र एका खुणेवरून घाईने निर्णय करू नये. पुष्कळ दुकानदार जुनी पाटी वर्षानुवर्षे तशीच ठेवतात. यासाठी दोन-तीन खुणा ताडून पाहाव्यात.

पाट्यांचे प्रकारही अनेक आहेत. काही लाकडावर किंवा पत्र्यावर तेलरंगाने रंगवलेल्या असतात. काही इनॅमलच्या असतात. इनॅमलची पाटी करताना लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देतात आणि तो सुमारे ८०० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजतात. काच वितळून पत्र्याला घट्ट चिकटते. त्यामुळे तिचे रंग ऊन-पावसात अनेक वर्षे टिकतात; परंतु ठोकर लागून टवका उडाला, की त्या जागेतून गंज शिरतो. अशी पाटी तारेच्या घासणीने कधीही घासू नये. ओलसर मऊ फडक्याने ती हलक्या हाताने पुसावी व लगेच कोरडी करावी.

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट विसरली, तर संग्रह निम्मा मुका होतो. ती गोष्ट म्हणजे पाटीचे मूळ ठिकाण. याची साक्ष अमरावती जिल्ह्यातच मिळते. अचलपूरजवळील चम्मक या गावी शेत नांगरताना सात ताम्रपट सापडले. ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यांत कोरले आहे. फ्लीट या विद्वानाने १८८८ साली हा लेख आपल्या ग्रंथात छापला. ताम्रपट चम्मक येथे मिळाले, ही नोंद राहिली म्हणूनच लेखातील चर्मांक ते हेच गाव, हे खात्रीने सांगता आले. भोजकट म्हणजे आजचे भातकुली, असे अनेक अभ्यासक मानतात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने भोजकट वसविले, अशी पुराणकथाही आहे. सापडलेले ताम्रपट कोणी ठिकाण न सांगता विकले असते, तर हा दुवा कदाचित कायमचा तुटला असता.

ताम्रपट राजाचा आणि पाटी दुकानदाराची. पण नोंदीचा नियम दोहोंना एकच. साध्या वस्तूंचाही मोठा संग्रह होऊ शकतो, हे पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दाखवून दिले. त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. लोकांना अडगळ वाटणारे दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे त्यांनी गावोगाव हिंडून जमविली. बालपणीच मृत्यू पावलेला पुत्र राजा याच्या स्मरणार्थ त्यांनी आपल्या संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

विद्यार्थ्याला संग्रहाचा आरंभ पैशाने नव्हे, वहीने करता येतो. पाटी कोठे होती, कोणाची होती, तिची लांबी-रुंदी किती, तिच्यावर काय लिहिले आहे आणि ती कोणत्या दिवशी पाहिली, हे वहीत लिहावे. गावातील वृद्धांना त्या दुकानाविषयी विचारून त्यांची माहितीही टिपावी. उतरवलेली पाटी हवी असेल, तर मालकाची परवानगी घ्यावी. भिंतीवर असलेली पाटी तेथेच राहू द्यावी. तिचे चित्र किंवा छायाचित्र संग्रहाला पुरेसे आहे. मैलाचे दगड, शिलालेख आणि वीरगळ यांना तर हलवूच नये. शंभर वर्षांहून जुन्या कलाकृती व कोरीव लेख यांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण आहे. शेतात असे काही सापडले, तर वडीलधाऱ्यांमार्फत तहसील कार्यालयाला कळवावे.

जो वस्तू जमवितो, पण तिची हकिकत जपत नाही, त्याच्यापाशी केवळ ढीग साचतो. जो हकिकतही जपतो, तो आपल्या गावाची स्मृती राखतो. पाटी एकदा भंगारात गेली, की ती परत येत नाही. वहीतली नोंद मात्र पुढच्या पिढीलाही वाचता येते.

शब्दार्थ
द्वैभाषिक – दोन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांचे मिळून झालेले
टवका – उडालेला लहानसा तुकडा
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
दौत – शाई ठेवण्याचे लहान पात्र
वीरगळ – वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड

स्वाध्याय
१. कारणे द्या : (अ) वऱ्हाडातील जुन्या पाटीवर 'मध्यप्रदेश' असे लिहिलेले आढळते. (आ) इनॅमलची पाटी तारेच्या घासणीने घासू नये.
२. चम्मकच्या ताम्रपटांवरून संग्राहकाने कोणता धडा घ्यावा?
३. 'अडगळ' आणि 'ठेवा' या शब्दांतील फरक स्पष्ट करून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
४. आपल्या गावातील एक जुनी पाटी पाहून तिची नोंद वहीत करा.