डोंगरधारेवरून शिकारी पक्ष्यांची गणना

ऑक्टोबरच्या प्रारंभी नैर्ऋत्य मोसमी वारे पुणे जिल्ह्यातून माघार घेतात. मुळशी तालुक्यातील रिहे व आसपासच्या गावांत या सुमारास खाचरांतील भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात, आकाश निवळते आणि वारा पूर्वेकडून वाहू लागतो. डोंगरधारेवर बसलेल्या निरीक्षकाच्या दृष्टीने हाच हंगाम महत्त्वाचा. मध्य आशिया व त्याही पलीकडून येणारे शिकारी पक्षी याच काळात सह्याद्रीच्या परिसरात दाखल होतात.

ऊन चढले की जमीन तापते आणि उष्ण हवेचे स्तंभ वर उठतात. डोंगराच्या उतारावर आदळणारा वाराही वर वळतो. रुंद पंखांचे पक्षी या प्रवाहात घिरट्या घेत उंची गाठतात आणि मग पंख न हलवता दूरवर तरंगत जातात. साहजिकच गणना सकाळी नऊच्या आगेमागे सुरू करणे फलदायी ठरते. भल्या पहाटे डोंगर चढून बसणाऱ्याच्या वाट्याला बहुधा नुसती थंडीच येते.

या कार्याची परंपरा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात निर्माण झाली. तेथील एका डोंगरकड्यावरून शिकारी दर वर्षी हजारो ससाणे व बाज टिपत. १९३४ साली रोझली एज या महिलेने तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, शिकार थांबविली आणि मॉरिस ब्राऊन यांनी येणाऱ्याजाणाऱ्या पक्ष्यांची मोजदाद आरंभिली. पुढे त्या नोंदवह्यांतून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के पक्षी कोवळ्या वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. गरुड दिसत होते, पण त्यांची पिले वाढत नव्हती. रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये डी.डी.टी.च्या दुष्परिणामांविषयी लिहिताना याच आकड्यांचा आधार घेतला आणि १९७२ मध्ये अमेरिकेत डी.डी.टी.च्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली.

भारतातही असा धडा मिळाला आहे, तोही अधिक कटू. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली जात होती, म्हणूनच १९९० च्या दशकातील त्यांची घसरण ध्यानात आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली. तोपर्यंत बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती.

सह्याद्रीतील सर्वांत नवलाचा प्रवासी म्हणजे अमूर ससाणा. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी सायबेरियाच्या आग्नेय भागातून व उत्तर चीनमधून निघून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली या पक्ष्यांची प्रचंड प्रमाणावर हत्या झाली. परंतु ग्रामसभांनी पुढाकार घेतल्याने पुढच्याच वर्षी ती थांबली. २०१३ च्या नोव्हेंबरात नागा, वोखा व पांगटी अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांवर उपग्रह प्रेषक बसविण्यात आले. भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून ते आफ्रिकेकडे जातात, हे त्यावरून दिसले. पूर्वेचा वारा त्यांना पाठीशी मिळतो. याच सुमारास समुद्रावरून जाणारे चतुर हे त्यांचे वाटेतले खाद्य असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात हे ससाणे दिसतात. मुळशीच्या डोंगरांवरही तेव्हा नजर ठेवावी.

ओळख पटविताना रंगावर विसंबू नये. उंचावर सर्वच पक्षी काळे दिसतात. आकृती पाहावी. ससाण्याचे पंख टोकदार असतात. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. तो काही वेळा पंख मारतो, मग तरंगतो. गरुडाच्या पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली असतात, तर भोवत्या पक्षी पंख किंचित वर उचलून धरतो.

दोघांनी मिळून काम करावे: एकाने दुर्बिणीतून पाहावे, दुसऱ्याने लिहावे. समोरच्या दोन ठळक खुणांमधून काल्पनिक रेषा मानावी आणि ती एकाच दिशेने ओलांडणारा पक्षीच मोजावा. अन्यथा गावावर घिरट्या घालणारी एकच घार दहा वेळा वहीत येते. थवा मोठा असल्यास दहा पक्षी मोजून तेवढ्या आकाराच्या मापाने उरलेल्यांचा अंदाज घ्यावा. वाऱ्याची दिशा, ढग व वेळ दर तासाला नोंदवावी. ओळख न पटलेला पक्षी ‘अनोळखी’ म्हणूनच लिहावा. एकही पक्षी न दिसलेल्या दिवसाची नोंदही तितकीच आवश्यक आहे. ती गाळल्यास दोन वर्षांची तुलना खोटी ठरते.

भोवत्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र डोंगरापेक्षा माळ अधिक उपयोगी. नाकतोडे खाऊन शेतकऱ्याचे काम हलके करणारे हे पाहुणे रात्री गवतात, जमिनीवरच, समूहाने मुक्काम करतात. गुजरातमधील वेळावदर अशा मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या पश्चिमेचे गवताळ माळ झपाट्याने इमारतींखाली जात असल्याने, उरलेल्या माळांवर हा मुक्काम कोठे आहे हे शोधणे निकडीचे आहे. सूर्यास्तापूर्वी तासभर माळाच्या कडेला, गवतात पाऊल न टाकता बसावे आणि उतरणारा प्रत्येक पक्षी अंधार पडेपर्यंत मोजावा.