पित्त नव्हे, अर्धशिशी

आमच्याकडे डोकं दुखून उलटी झाली की निदान ठरलेलं: पित्त. उलटीनंतर बरं वाटतं, म्हणून तर सगळ्यांची खात्रीच पटते. सासूबाई मोरावळा पुढे करायच्या, आणि तो छान लागतो म्हणून मी खायचेही. पण डोक्याची एकच बाजू ठणकणं, उजेड नि फोडणीचा वास सहन न होणं, ही अर्धशिशीची लक्षणं. मळमळ आणि उलटी तिच्याबरोबरच येतात.

माझं डोकं हमखास धरायचं ते संकष्टीला. दिवसभर चहावर राहायचं, चंद्रोदयानंतर जेवायचं. चॉकलेट, चीज यांना सगळे नावं ठेवतात, पण माझ्या वहीतल्या नोंदींनी बोट दाखवलं ते रिकाम्या पोटाकडे आणि अपुऱ्या झोपेकडे. उपवास सोडवत नसेल तर निदान उपाशी राहू नका. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. राजगिरा, शेंगदाणे, बदाम यांत मॅग्नेशियम भरपूर. एरवीच्या जेवणात नाचणी, बाजरी, तीळ, डाळी, पालेभाज्या. धान्य पांढरंशुभ्र करताना कोंड्याबरोबर हेच खनिज निघून जातं.

मॅग्नेशियम कमी पडलं की मेंदूतल्या पेशी लवकर चाळवतात, असं मानतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आणि रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) अर्धशिशी रोखायला ‘बहुधा उपयोगी’ या गटात होते. बहुधा, हा शब्द विसरू नका. मात्राही औषधाच्या असतात: मॅग्नेशियम रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम, रायबोफ्लेविन ४००. एवढं रायबोफ्लेविन ताटातून मिळणं शक्य नाही. गुण येतोय का हे कळायला तीनेक महिने लागतात. लघवी गर्द पिवळी झाली तर घाबरू नका, ते रायबोफ्लेविन. मॅग्नेशियमने मात्र पोट ढिलं होतं, माझंही झालं. डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावर थांबलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर हवं.

मेडिकलमधून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं प्रकरण याहून गंभीर. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस, कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. शेजारीण हे ऐकून माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिच्या पर्समधली पट्टी चोरणार होते.

झटका आल्यावर मॅग्नेशियमची गोळी गिळून लगेच आराम पडेल, असं समजू नका. झटक्याचं औषध वेगळं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर कपाळाला सुंठ उगाळत बसू नका. तडक दवाखाना गाठा.